विमा संपला की किल्ली खाली

४ सप्टेंबर

राजे,

धाकट्या भावाला पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद द्यायची पद्धत आहे. मी ते राखून ठेवते. तुझं उत्तर काय येतं ते बघून मग देईन.

फोन सोडून पत्र का लिहितेय याचं नवल करू नकोस. फोनवर तू 'हो ताई, करतो ताई, झालंच समज ताई' म्हणतोस आणि पुढच्या महिन्यात 'मी असं कधी म्हणालो?' म्हणून डोळे विस्फारतोस. मी सगळी नोकरी कोर्टात लघुलेखिका म्हणून काढली. माणसं तोंडाने काय फेकतात आणि तेच कागदावर समोर धरलं की कशी चाचरतात, हे मी रोज पाहिलंय. तेव्हा यापुढे आपलं जे काय बोलणं ते कागदावर.

काल दुपारी विमा कंपनीचं जाडजूड पाकीट आलं. आत गुळगुळीत कागदावर 'अभिनंदन!' असं एवढं मोठं छापलेलं, आणि शेजारी दात काढून हसणारं एक जोडपं. बाबांनी भिंग घेतलं, मान वाकडी केली आणि कडेने वाचायला लागले. डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग गेल्यापासून त्यांना समोरचं दिसत नाही, बाजूबाजूचं तेवढं दिसतं. तू दिवाणखान्यात बसून कौतुकाने बघायचास ना, तीच मान वाकडी. वाचून झाल्यावर मला म्हणाले, "बघ. कंपनीने आपण होऊन विमा वर्षभर वाढवलाय. कंपनीला मी चालतो. घरच्यांनाच चालत नाही." आणि खुंटीवरची गाडीची किल्ली काढून खिशात टाकली.

तुला अडचणीचं असेल ते तू विसरतोस, म्हणून आठवण करून देते. बाबांनी जन्मभर लायसन्सच्या परीक्षा घेतल्या. अर्धं गाव नापास केलं. त्यांना 'गाडी सोडा' म्हणायची डॉक्टरांचीही टाप नव्हती; 'डॉक्टर सल्ला देतो, नियम करत नाही' एवढ्यावर त्यांनी त्यांना वाटेला लावलं. शेवटी वसंतात आपण जेवणाच्या टेबलाशी बसलो होतो तेव्हा ते आपणहून म्हणाले, "बिनविम्याची गाडी मी कधी फूटभरही हलवली नाही. आता ऑगस्टअखेर विमा संपतोय. विमा संपला की किल्ली खाली." कुणाच्या सांगण्यावरून नाही, नियमाने सोडली, असं त्यांना हवं होतं. आपण सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला होता. त्यानंतर त्यांनी तुझ्याकडे राहायला यायचं हेही तिथेच ठरलं, कारण माझं घर पाण्याच्या टाकीच्या पलीकडे, इथली बस बंद झालेली, मला गाडी येत नाही आणि हॉस्पिटल गावाच्या दुसऱ्या टोकाला. तुझ्या बायकोने मान डोलावली होती. मी पाहिली.

विमा बाबांच्या नावाचा, पण कंपनीकडचं खातं तुझं. तुझा ई-मेल, तुझं कार्ड, तुझा पासवर्ड. 'बाबांना नाही जमायचं, मी बघतो' असं म्हणून तूच ते उघडलंस. आता बघ, आणि रद्द कर.

ताई


१५ सप्टेंबर

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र वाचून हसू आलं आणि बरंही वाटलं. तुझा स्वभाव तसाच आहे! आमच्या शिबिरात मी नेहमी सांगतो की रागाच्या मागे प्रेमच असतं. तुझं पत्र म्हणजे त्याचं जिवंत उदाहरण.

आता मुद्द्याचं. अगं, यात कुणाचीच चूक नाही. ही एक प्रोसेस आहे. एकदा कार्ड जोडलं की विमा दरवर्षी आपोआप पुढे चालू राहतो. ग्राहकाच्या सोयीसाठीच करतात ते. मी लगेच कंपनीच्या साइटवर गेलो. तिथे 'सखी' नावाची मदतनीस असते, म्हणजे माणूस नाही, मशीनच. तिला लिहिलं, मला विमा बंद करायचाय. ती म्हणाली, 'अरे वा! तुम्हाला विमा वाढवायचाय ना?' मी पुन्हा लिहिलं. तिने मला दुचाकीच्या विम्याची माहिती दिली. तिसऱ्यांदा लिहिलं तर म्हणाली, तुमच्याशी बोलून आनंद झाला, मला किती तारे द्याल? मी पाच दिले, उगाच कटकट नको.

मग कस्टमर केअरला फोन लावला. बराच वेळ बासरी ऐकली. शेवटी एक मुलगी आली, तिचं म्हणणं असं की विमा ज्याच्या नावावर आहे त्याने स्वतः फोनवर 'रद्द करा' म्हटलं पाहिजे, ते रेकॉर्ड होतं. मी म्हटलं मी मुलगा आहे. ती म्हणाली, सर, मुलगा चालत नाही.

तर असं आहे. बाबांना तूच गोडीने समजाव. तोवर किल्ली लपवून ठेव ना. आणि ताई, जरा पॉझिटिव्ह विचार कर. ते काही हायवेवर जात नाहीत. जवळपासच फिरतात. माणसाला वयात स्वातंत्र्य लागतं.

इकडे सगळे ठीक. ही तुझी आठवण काढते.

तुझा भाऊ


१९ सप्टेंबर

राजे,

तू पाच तारे दिलेस. ज्या मशीनने तुला धड एक उत्तर दिलं नाही, तिला. आणि हा माणूस कंपन्या-कंपन्यांत जाऊन मोठमोठ्या साहेबांना 'ठाम निर्णय कसा घ्यावा' हे शिकवतो आणि ते बिचारे वह्या काढून उतरवून घेतात. मला त्या साहेबांची कीव येते.

किल्ली लपव म्हणतोस. लपवली होती, पिठाच्या डब्यामागे. त्यांनी कपाटातून दुसरी काढली. परीक्षकाकडे नेहमी दोन किल्ल्या असतात, म्हणाले. शिवाय 'माझ्या घरात मला चोर ठरवतेस' म्हणून दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. घर माझं आहे, पण ते जाऊ दे.

त्यांचं 'जवळपास' फिरणं म्हणजे काय ते ऐक. बुधवारी ते मला डोळ्यांच्या डॉक्टरांकडेच घेऊन निघाले. आंधळा होत चाललेला माणूस स्वतः गाडी चालवत डोळे तपासायला निघालाय आणि मी शेजारी बसलेय, कारण मी नाही बसले तर ते एकटे जातील. वळणावर त्यांनी दुधाची गाडी जवळजवळ सोलून काढली. दूधवाला काच खाली करून जे बोलला ते मी लिहीत नाही. बाबा मला म्हणाले, "कुणी नापास केलं नाही वाटतं याला." नंतर आरसा कुंपणाला घासला. तर कुंपण पुढे आलंय म्हणाले. मी आयुष्यभर साक्षीदारांच्या थापा टिपून घेतल्या, पण कुंपण पुढे आलं असं सांगणारा एकही भेटला नव्हता.

मी घरी येऊन स्वयंपाकघरात बसून रडले. हेही लिहून ठेवते. मला त्यांचा कंटाळा आलाय, रोजच्या रोज त्यांचं ऐकून जीव विटलाय, आणि तरी त्यांनी कुणाचा तरी जीव घेऊ नये असं मला वाटतं. स्वातंत्र्याचं भाषण तू त्या दूधवाल्याला दे.

आता एकच प्रश्न विचारते. विमा आपोआप वाढवण्याआधी कंपनी कळवते. माझ्या घराच्या विम्याचं मला तसं पत्र येतं. बाबांच्या गाडीचं तुला आलं होतं का? हो किंवा नाही. शिबिर नको.

ताई


६ ऑक्टोबर

प्रिय ताई,

उत्तराला उशीर झाला, माफ कर. सलग तीन शिबिरं होती, घसा बसलाय.

तू विचारलंस म्हणून सांगतो. हो, ई-मेल आला होता. जुलैमध्ये. त्यात लिहिलं होतं की विमा चालू ठेवायचा असेल तर काहीही करायची गरज नाही, आणि नको असेल तर खालचं बटण दाबा. मी ते वाचलं. दाबणारच होतो. नेमकं तेव्हाच हिने मला हाक मारली. पाहुण्यांची खोली दाखवली. ताई, तुला माहीत नसेल, त्या खोलीत आता माझा स्टुडिओ आहे. भिंतींना फोम लावलाय, दिवे बसवलेत, कॅमेरा कायमचा उभा आहे. माझी निम्मी शिबिरं आता तिथूनच चालतात. ही म्हणाली, बाबा येणार तर हे सगळं काढायचं कुठे? मग मी ई-मेल बंद केला. नंतर बघू म्हटलं. नंतर राहून गेलं.

मी मुद्दाम काहीच केलं नाही, हे तू समजून घे. मी काहीच केलं नाही, एवढंच. दोन्हींत फरक आहे.

आणि खरं सांग, तुझ्याकडे त्यांना सवय झालीय. त्यांची खुर्ची तिथे, त्यांची झाडं तिथे. म्हाताऱ्या माणसाला उपटून दुसरीकडे लावणं बरं नाही असं माझ्या एका मानसशास्त्रज्ञ मित्राचंही मत आहे.

रागावू नकोस.

तुझा भाऊ


११ ऑक्टोबर

राजे,

मुद्दाम काही न करणं आणि काहीच न करणं यांतला फरक तुझ्या त्या मित्राला विचार. कोर्टात आमच्याकडे त्याला एकच कलम लागायचं.

पण आता तुझ्यावर शाई घालवत नाही. इथे जे झालं ते सांगते.

तुझं पत्र मी त्यांना दाखवलं नाही. फक्त एवढंच म्हटलं, की तुम्ही परीक्षक आहात, तर एकदा स्वतःची परीक्षा घ्या. पास झालात तर मी पुन्हा चकार शब्द काढणार नाही. मला वाटलं उखडतील. ते खूश झाले! इस्त्रीचा शर्ट घातला. म्हणाले, "माझी पद्धत तुला माहिती आहे ना? उमेदवाराने दिसेल ते सगळं मोठ्याने सांगत गाडी चालवायची. दिसलं पण सांगितलं नाही, तरी गुण कापले. मी सांगतो, तू लघुलिपीत उतरवून घे. परीक्षक मधे बोलत नाही, हेही लक्षात ठेव."

सिमेंटच्या जुन्या गोदामामागे मोकळं आवार आहे, तिथे गेलो. रविवार होता, चिटपाखरू नव्हतं असं मलाही वाटलं. त्यांनी गाडी सुरू केली आणि बोलायला लागले. मी मांडीवर वही घेऊन टिपत गेले. काय सांगू, पहिली फेरी सुंदर झाली. डावीकडे पत्र्याचं कुंपण. उजवीकडे उतरवलेली खडी. पुढे वळण, वेग कमी करतो, आरसा पाहिला. आवाज तोच जुना, खणखणीत, आपण लहान असताना पोरंपोरी ज्याला चळाचळा कापायची तो. मी टिपता टिपता मनात म्हटलं, च्यायला, म्हातारा पास होतोय.

दुसऱ्या फेरीला गोदामाच्या कोपऱ्यावरून वळलो तर बरोब्बर मधोमध एक झाडूवाली, पिवळं जॅकेट घातलेली, पाठमोरी, कानात काहीतरी लावून झाडतेय. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते शांतपणे म्हणाले, "समोर रस्ता मोकळा." माझ्या हाताने ते लिहिलंसुद्धा. इतक्या वर्षांची सवय, कानात पडलं की हात लिहितो. आणि मग मी वही फेकून हँडब्रेक ओढला.

गाडी तिच्यापासून हातभर अंतरावर थांबली. तिने वळून बॉनेटवर झाडू हाणला. "चष्मा गहाण ठेवलाय का आजोबा? की लोकांना चिरडायची शर्यत लावलीय?" बाबा खाली उतरले, मान वाकडी केली आणि तिला म्हणाले, "तुम्ही कुठे होता?" ती म्हणाली, "कुठे म्हणजे? तुमच्या नाकासमोर! सकाळपासून याच आवारात मरतेय." बाबांनी तिची माफी मागितली. जन्मात त्यांनी कुणाची माफी मागितलेली मी ऐकली नव्हती. तीही गडबडली, जाऊ दे म्हणाली.

मग ते माझ्याकडे वळले. "शेवटचं वाक्य वाच." मी म्हटलं, राहू दे ना बाबा. "वाच." मी वाचलं. ते म्हणाले, "नापास." गाडीला कुलूप लावून किल्ली माझ्या हातात दिली आणि चालायला लागले. मी मागून चालत होते आणि त्यांची पाठ बघून मला इतकं वाईट वाटलं की तुझ्यावरचा रागही थोडा वेळ विसरले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः कंपनीला फोन केला. मी स्पीकर लावून दिला. मुलगी म्हणाली, "सर, कारण काय टाकू? गाडी विकली, दुसरीकडे स्वस्त मिळाला, परदेशी गेलात, की विमाधारकाचं निधन झालं?" बाबा म्हणाले, "चालक नापास झाला." ती म्हणाली, तसा पर्याय नाही, 'इतर' टाकते. मग मात्र ते खवळले. "इतर म्हणजे काय? मी आजवर कुणाला 'इतर' म्हणून नापास केलं नाही. कारण लिहा, दिसत नाही." ती घाबरून म्हणाली, "सर, तुम्ही जुने ग्राहक आहात, राहिलात तर खास सवलत देते." बाबा म्हणाले, "बाई, आंधळ्याला गाडी चालवायला सवलत देता? तुमच्या साहेबांना फोन द्या." साहेब काही आले नाहीत. विमा मात्र रद्द झाला.

राजे, आता त्यांनी ठरल्याप्रमाणे बॅग भरलीय. स्वतः भरलीय. महिनाअखेरीस तुझ्याकडे येतायत. फोम काढ.

ताई


१७ ऑक्टोबर

प्रिय ताई,

तुझं पत्र वाचून डोळ्यात पाणी आलं. बाबा ग्रेट आहेत. मी ही गोष्ट माझ्या शिबिरात नक्की सांगणार आहे, नाव न घेता.

पण ताई, जरा शांतपणे विचार करू. आम्ही दोघं रात्री बोललो. आत्ता लगेच त्यांना इथे आणणं घाईचं होईल. पुढचे काही महिने माझी मोठी कामं आहेत, स्टुडिओ हलवणं शक्यच नाही. मला एक मधला मार्ग सुचतोय. विमा मी पुन्हा सुरू करतो. साइटवरून करता येईल, त्याला त्यांचा आवाज लागत नाही, मी बघितलंय. त्यांना सांग, कंपनीने पुन्हा विचार केला. एवढं ऐकून ते खूश होतील, नियमानेच झालं असं वाटेल त्यांना. ते तसेही हळूच चालवतात, आणि तू शेजारी असतेसच, हँडब्रेक आहेच. काही महिन्यांचाच तर प्रश्न आहे. मग उन्हाळ्यात बघू.

हे पत्र त्यांना दाखवू नकोस. तू समजदार आहेस.

तुझा भाऊ


२२ ऑक्टोबर

चि. धाकट्यास,

माझ्याच्याने आता लिहिणं होत नाही, म्हणून तुझी बहीण लिहून घेतेय. शब्द माझे आहेत.

तुझं पत्र पोस्टमनने माझ्या हातात दिलं. पाकिटावरचं अक्षर मान वाकडी करून ओळखलं, आणि मला वाटलं कोणत्या गाडीने यायचं ते तू कळवलं असशील. म्हणून तिला म्हटलं, मोठ्याने वाच. ती मधे थांबली. मी म्हटलं, गाळू नकोस, तू कधी गाळलेलं नाहीस. मग तिने सगळं वाचलं. मी ते दुसऱ्यांदा वाचायला लावलं, कारण पहिल्यांदा माझा ऐकण्यावर विश्वास बसला नाही.

मी नोकरीत हजारो माणसांना गाडीत शेजारी बसवून पाहिलं. घाबरट पाहिले, आगाऊ पाहिले, लाच द्यायला आलेले पाहिले. पण समोर माणूस नाही असं समजून गाडी पुढे घेणारा आणि माणूस आहे हे पक्कं माहीत असून दुसऱ्याला गाडी पुढे घ्यायला लावणारा, यांतला दुसरा प्रकार मला कधी भेटला नव्हता. तो माझ्याच घरात निघाला. त्या झाडूवाल्या बाईने मला आंधळ्यात काढलं ते खरं होतं. तुझे डोळे चांगले आहेत.

विमा पुन्हा सुरू करायचा नाही. गाडी मी विकली. ज्या टॅक्सीवाल्याला मी तीनदा नापास केलं होतं, त्यालाच. तो आता मला दवाखान्यात नेतो. मी मागे बसून त्याच्या चुका सांगतो, तो हसतो. बरा चालवतो.

मी तुझ्याकडे येत नाही. तुझ्या बहिणीला मी काल विचारलं, की मी इथेच राहिलो तर चालेल का. आजवर विचारलं नव्हतं. ती लगेच हो म्हणाली नाही. रात्रभर विचार करून सकाळी हो म्हणाली, आणि कोणकोणत्या गोष्टींवर मी बडबड करायची नाही तेही सांगितलं. मला ते आवडलं. तुझी खोली तुला लखलाभ.

बाबा

ता. क. मजकूर त्यांनी सांगितला तसा उतरवला आहे, कमी नाही, जास्त नाही. फक्त शेवटी त्यांनी एक वाक्य सांगितलं आणि लगेच म्हणाले, खोड. मी खोडलं. नोकरीत असते तर खोडलेलं पुन्हा कुणाला सांगितलं नसतं, आणि तुझी लायकी तर मुळीच नाही. ते म्हणाले होते, "त्याला म्हणावं, मला तोंड ओळखू येतंय तोवर एकदा येऊन जा."

ताई